बाबांच्या कानांचं वेळापत्रक

३ जून, सोमवार
आज ऑफिसात मोठी घटना. साहेबांनी खर्चकपात समिती नेमली आणि प्रमुख म्हणून माझं नाव घेतलं. समितीत सध्या मी एकटाच आहे, पण सुरुवात कुठूनतरी व्हायचीच. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, यांच्याइतका चिकट माणूस शोधून सापडायचा नाही. सगळे हसले. दुसऱ्याचं कौतुक झालं की लोकांना कसनुसं हसू येतं, हे मी पूर्वीही पाहिलंय.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, अभिनंदन, पगार वाढला का? समितीच कपातीची, तिथे पगारवाढ मागणं शोभत नाही, हे हिला कोण समजावणार.

संकल्प: जे ऑफिसात करायचं ते आधी घरात करून दाखवायचं. खुर्च्या-टेबलं बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचं घर असं गळकं असू नये.

४ जून
सकाळी लवकर उठून घराची पाहणी. जिन्यातला दिवा, हिचा शाम्पू, चिमीच्या पेन्सिली. किरकोळ मासळी सगळी. मोठा मासा बाबांच्या खोलीत सापडला.

बाबा चार महिन्यांपासून आमच्याकडे आहेत. आई गेल्यावर त्यांना एकटं ठेवायचं नाही असं ठरलं, आणि ताईने न्यायच्या आत मीच घेऊन आलो. ताई अजून दर रविवारी फोनवर टोचते, बाबा रमलेत ना तुझ्याकडे? नसतील तर माझ्याकडची खोली रिकामीच आहे. बाबा माझ्याकडेच राहणार. तो विषय संपलेला आहे.

बाबांनी तीस वर्षं बसस्थानकावर माईकवरून घोषणा केल्या. घरातही तीच सवय. भाजी झाली की स्वयंपाकघरातून आवाज येतो, गरम भाजी फलाट क्रमांक एकवर येत आहे, प्रवाशांनी हात धुऊन घ्यावेत. चिमी खिदळते. आता मात्र त्यांना स्वतःला कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना मशीन. त्यात शर्टाच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या बसतात, पाठीवर नारिंगी स्टिकर असतं, ते सोलून घालायच्या. आठवडाभरात संपतात.

आज पाहिलं, तर बाबा खिडकीशी एकटे बसलेले आणि दोन्ही मशीन चालू! खोलीत चिटपाखरू नाही. विचारलं, काय ऐकताय? म्हणाले, काही नाही रे, असंच. खाली पोरं खेळतायत. वरचे लोक खुर्ची ओढतात. तू जिना चढायला लागलास की कळतं, तू आलास.

असंच! या ‘असंच’वर दर आठवड्याला दोन्ही कानांच्या बॅटऱ्या खर्ची पडतायत.

५ जून
वेळापत्रक तयार केलं. सकाळी सात ते आठ आणि रात्री आठ ते नऊ मशीन चालू. बाकी वेळ बंद करून डबीत, डबी माझ्या कपाटात. सकाळी मी स्वतः नेऊन द्यायची, आठाला परत घ्यायची. रात्री तसंच.

बाबांच्या पलंगावर बसून सगळं नीट समजावलं. त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं. पंधरा वर्षांत इतका समजूतदार पुरवठादार मला भेटला नाही.

ही म्हणाली, म्हाताऱ्या माणसाच्या कानांना मीटर लावलंत तुम्ही. मीटर हा शब्द मला आवडला. समितीच्या अहवालात वापरेन.

७ जून
चिमीच्या इंग्रजीच्या बाईंनी काटकसरीवरचे वाक्प्रचार दिलेत. प्रत्येकाचं एक वाक्य करायचं, महिनाअखेरीस परीक्षा. म्हटलं, बेटा, अगदी योग्य माणसाकडे आलीस. पहिला निघाला टायटन द बेल्ट. पट्टा आवळणे, म्हणजे सध्या आपण करतोय ते.

चिमीने लगेच वाक्य केलं, माझ्या पप्पांनी आजोबांचा पट्टा आवळला.

व्याकरण बरोबर आहे, पण पट्टा ज्याचा त्याने आवळायचा असतो, असं मी समजावलं. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

या पिढीला लक्ष देऊन ऐकायची सवय नाही.

९ जून, रविवार
ताईचा फोन सकाळी अकराला. म्हणजे वेळापत्रकाबाहेर. बाबांनी फोन कानाला लावला आणि हॅलो हॅलो करत राहिले. शेवटी मीच घेतला. म्हटलं, रात्री आठनंतर करत जा, बाबा तेव्हा उघडे असतात.

ताई म्हणाली, बाबा आहेत की बँक? मग बराच वेळ बोलली. सगळं लिहीत बसत नाही. सारांश असा, की या महिन्याच्या शेवटी ती स्वतः येऊन बघणार, आणि बाबा सुकलेले दिसले तर घेऊन जाणार.

येऊ दे. बाबांचा चेहरा पाहून तिचं तिलाच कळेल. तोवर त्यांना खूश ठेवायचं. संकल्प: रोज रात्रीच्या वेळेत बाबांशी गप्पा मारणे.

१० जून
रात्रीच्या वेळेत पत्र्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. गप्पा उद्या.

११ जून
कुरिअरवाला भर दुपारी आला, बेल वाजवून वाजवून निघून गेला. बाबा दाराशेजारच्या खुर्चीतच बसले होते म्हणे. पार्सल आणायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यांच्या गोदामात जावं लागलं. टॅक्सीने. आत होतं घरपोच मोफत म्हणून मागवलेलं पायपुसणं.

टॅक्सीचा खर्च ‘प्रवास’ या खात्यात धरला. बॅटरीच्या खात्याशी त्याचा संबंध नाही.

१३ जून
बाबांनी दुपारी चूळ भरली आणि नळ पुरता बंद झाला नाही. पाण्याचा आवाज त्यांना आला नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी येऊन दार बडवत होत्या, तोही आला नाही. ही कामावरून आली तेव्हा वहिनी आमच्या उंबऱ्यावर बादली घेऊन बसलेल्या. त्यांच्या छताला ढगाएवढा डाग पडलाय. रंगारी बोलवावा लागणार, पैसे आपण द्यायचे.

नळाचा वायसर निकृष्ट होता. प्लंबरने पैसे वाचवायला स्वस्तातला टाकला असणार. अशा वृत्तीची मला चीड आहे.

बाबा फार ओशाळले. हिला म्हणाले, सूनबाई, मी घरात असून नसल्यासारखाच झालोय. ही माझ्याकडे बघत राहिली. मी रंगाऱ्याचा नंबर शोधत होतो.

१६ जून, रविवार
बाबा टीव्ही फार मोठ्याने लावतात अशी शेजारच्या काकांची तक्रार. मी आवाज पूर्ण बंद करून दिला. खाली अक्षरं येतात, ती वाचा म्हटलं. बाबा म्हणाले, अक्षरं बारीक आहेत रे. चष्म्याचा नंबर बदलला असेल. चष्म्याचं पुढच्या तिमाहीत बघू.

ताईचा फोन रात्री बरोबर आठ वाजता. बाबा तिच्याशी बराच वेळ बोलले. हो, नाही, बरं, छान आहे सगळं. मी शेजारीच बसून होतो. छान आहे म्हणाले, हे मी स्वतः ऐकलं.

१८ जून
आज एक गोष्ट ध्यानात आली. रात्री आठ ते नऊ मी बहुतेक फोनवर असतो. लाकूडवाले, स्क्रूवाले, पत्रेवाले, सगळ्यांना नेमकी तीच वेळ सापडते. बाबा समोरच्या खुर्चीत मशीन लावून, हात मांडीवर ठेवून बसलेले असतात. माझं एक बोलणं संपलं की थोडे पुढे सरकतात. मग दुसरा फोन येतो, की पुन्हा मागे टेकतात.

म्हणजे त्या तासात त्यांच्या कानांवर पडतं काय? स्क्रूचे भाव. ही तर उघड उघड नासाडी.

रात्रीची वेळ अर्ध्यावर आणली. बाबा म्हणाले, बरं.

सकाळी डबी द्यायला जातो तेव्हा मात्र मी पाचेक मिनिटं पलंगावर बसतो. बॅटरी किती उरली, मशीन स्वच्छ आहे का, बघतो. बाबा मुद्दाम सावकाश उत्तरं देतात असं वाटतं. वय झालं.

बाकी, स्वयंपाकघरातल्या घोषणा हल्ली ऐकू येत नाहीत. हीच म्हणाली परवा. चिमी म्हणाली, स्थानक बंद पडलंय. घरात शांतता आहे हे खरं. शांततेला पैसे पडत नाहीत.

२० जून
महत्त्वाची खरेदी! ऑनलाइन सेलमध्ये बॅटऱ्या जवळजवळ अर्ध्या किमतीत. वर्षभर पुरतील एवढी पाकिटं मागवली. बाबांना सांगणार आहे, आता वेळ वाढवून देऊ. ताई यायच्या आत सकाळी दीड तास करून टाकतो. उदार व्हायचं तर वेळेवर व्हावं.

२१ जून
पाकिटं आली. बॅटऱ्यांवरची स्टिकरं तपकिरी आहेत. बाबांच्या मशीनला नारिंगीवाल्या लागतात. तपकिरीवाल्या अंगाने थोड्या बारीक, आत घातल्या की खुळखुळतात. सेलचा माल परत घेत नाहीत.

चांदीचा कागद घडी करून मागे सारला. एका कानाचं मशीन दोन सेकंद चालू झालं. बाबा दचकले, मग हसले. मीही हसलो. दुसऱ्या मशीनचं इवलंसं झाकण बसेना, म्हणून जरा जोर लावला.

झाकण तुटलं. मग पहिलंही पुन्हा चालू होईना.

चिमी तिथेच अभ्यास करत होती. तिने आजचा वाक्प्रचार वाचला, कट कॉर्नर्स, म्हणजे पैसे नाहीतर वेळ वाचवायला काम कसंतरी उरकणं. अर्थ विचारलाच नव्हता मी.

२२ जून, शनिवार
दोन्ही मशीन दुरुस्तीला टाकून आलो. दुकानातल्या बाई म्हणाल्या, तातडीने हवंय की साधं? तातडीने म्हणजे परवा मिळणार, पण दर जवळजवळ दुप्पट. साधं म्हणजे बारा दिवस. मी क्षणाचाही विलंब न लावता साधं सांगितलं. बाबा घरातच तर असतात. त्यांना कुठे सभेत भाषण ऐकायचंय?

ही म्हणाली, आणि ताई येतायत त्याचं काय? म्हटलं, ताई बाबांना बघायला येतेय. बघायला मशीन लागत नाही.

२५ जून
बाबांशी आता लिहून बोलावं लागतं. चिमी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने भलीमोठी अक्षरं काढते, बाबा तोंडी उत्तर देतात. दोघांचं तासन्‌तास चालतं. मी एकदा डोकावून सांगितलं, अक्षर जरा लहान काढ, एका पानात जास्त मावेल.

रात्री जेवताना चिमी म्हणाली, पप्पा, फॉल्स इकॉनॉमीला उदाहरण द्या. वरवर बचत, खरं म्हणजे नुकसान. मी म्हटलं, या घरातलं तर काही डोळ्यांसमोर येत नाही.

ती म्हणाली, मला सुचलंय. त्या बॅटरीचं स्टिकर एकदा काढलं ना, की आत हवा शिरते, आणि मग मशीन चालू असो नाहीतर बंद, ती आपली उतरतच जाते. बंद ठेवून फारसं काही वाचत नाही. पाकिटातल्या कागदावर लिहिलंय. आजोबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी विचारलं, मग बोलले का नाहीत?

मी पण तेच विचारलं, चिमी म्हणाली. तर म्हणाले, तुझा पप्पा डबी द्यायच्या निमित्ताने रोज सकाळी पलंगावर येऊन बसतो. तेवढाच बसतो. कशाला मोडा?

ही जेवता जेवता उठून आत गेली. मीठ आणायला गेली असेल, पण मीठ टेबलावरच होतं.

म्हणजे योजना बाबांना मनापासून आवडली होती. हे नोंदवून ठेवतो.

२६ जून
सकाळी सातला सवयीने कपाट उघडलं. डबी दुरुस्तीत आहे. तसाच बाबांच्या दारापर्यंत गेलो. हातात काही नसताना जाऊन काय बसायचं? परत फिरलो.

२७ जून
दुकानात फोन केला. तातडीचे पैसे भरतो, लगेच द्या म्हटलं. बाई म्हणाल्या, ते आधी सांगायचं असतं, आता मशीन कारखान्यात गेलं.

मी माझ्याकडून प्रयत्न केला.

२८ जून
साहेबांनी खर्चकपात समिती रद्द केली. कारण, कपात. मी अहवालाच्या वीस रंगीत प्रती काढल्या होत्या.

२९ जून, शनिवार
ताई आली. बाबांना दारातूनच हाक मारली. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते, हलले नाहीत. तिने जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा एवढे दचकले, की हातातला कप सांडला. मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसते बघत राहिले.

ताई माझ्याशी भांडेल म्हणून मी मुद्दे काढून ठेवले होते. ती भांडलीच नाही. एवढंच म्हणाली, अरे, यांचा आवाज सबंध स्टँडवर घुमायचा रे. मग बाबांची बॅग कुठे आहे असं हिला विचारलं. हिने लगेच काढून दिली. आधीच खाली काढून पुसून ठेवली होती, असं दिसलं.

उद्या दुपारची गाडी.

अजून काही बिघडलेलं नाही. बाबांना विचारलंच कुठे कोणी? उद्या सकाळी मी स्वतः बोलतो. मी सांगितलं की बाबा ऐकतात.

३० जून, रविवार
बोललो.

सकाळी सातला गेलो, पलंगावर बसलो, दार लोटून घेतलं. कसं कोण जाणे, पण सगळं भडाभडा बाहेर आलं. बाबा, जाऊ नका म्हणालो. लहानपणी स्टँडवरच्या गर्दीत मी हरवलो होतो, तेव्हा तुम्ही माईकवरून गाड्यांच्या घोषणांमध्येच माझं नाव पुकारलंत, आणि मी रडायचा थांबलो, कारण तुम्ही कुठूनतरी बोलताय म्हणजे आहात. ते आठवलं. तुम्ही आलात तेव्हापासून जिना चढताना मला वाटतं की वर कोणीतरी ओळखतंय, हा आला. हे मी हिलाही कधी सांगितलेलं नाही. स्क्रूवाल्याचे फोन यापुढे घेणार नाही, हेही म्हणालो. चुकलं, असंसुद्धा एकदा म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं नाही.

बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते. मध्ये मध्ये मान हलवत होते. शेवटी माझा हात थोपटला आणि म्हणाले, बरं.

मी बाहेर येऊन जाहीर केलं, बाबा राहतायत.

ताई बॅगेची चेन लावत होती. ती थांबली. ही म्हणाली, अहो, मशीन दुरुस्तीला गेलंय ना?

मनातलं बोलताना माणसाच्या डोक्यातून बारीकसारीक गोष्टी निसटतात.

ही म्हणाली, मग लिहून दाखवा. एवढं तरी करा. चिमीने कॅलेंडरचं पान आणि स्केचपेन हातात दिलं. मी पान गुडघ्यावर घेतलं. सकाळी बोललो त्यातलं पहिलं वाक्य कोणतं होतं, ते काही केल्या आठवेना. सगळे बघत होते. चिमी म्हणाली, पप्पा, पान हवं तेवढं मोठं आहे. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. मीटर चालू होतं.

लिहिलं: गोळ्या वेळेवर घ्या.

बाबांनी पान लांब धरून वाचलं. म्हणाले, घेतो. पान घडी करून खिशात ठेवलं.

४ जुलै
मशीन दुरुस्त होऊन आलं. कपाटात ठेवलंय.

चिमीला इंग्रजीच्या परीक्षेत सर्वांत जास्त मार्क. बाईंनी तिची वाक्यं वर्गात वाचून दाखवली. प्रत्यक्ष जीवनातली उदाहरणं म्हणून खास शाबासकी. यात माझाही वाटा आहे, पण मी बोललो नाही.

७ जुलै, रविवार
ताईने बाबांना नवीन मशीन घेतलं. रात्री चार्जिंगला लावायचं, बॅटरीच नाही. उधळी आहे ती पहिल्यापासून. चिमीचं आणि बाबांचं फोनवर बराच वेळ चाललं होतं. तिकडे म्हणे ते सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मशीन काढतच नाहीत. समोरच्या बागेतल्या बाकावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून गप्पा मारतात. चिमीने फोन माझ्यापुढे धरला तेव्हा माझे हात ओले होते. पुढच्या रविवारी बोलतो म्हटलं.

संकल्प: पुढच्या रविवारी बाबांशी सविस्तर बोलणे. तीस तारखेला बोललो ते सगळं पुन्हा, क्रमाने. आणि शेवटी, परत या.

१३ जुलै
मुद्दे पाठ केले. अंघोळ करताना एकदा मोठ्याने म्हणून पाहिले. चांगले वाटतात.

१४ जुलै, रविवार
सकाळीच फोन लावला. ताईने उचलला, थांब, देते म्हणाली. बाबा आले. आवाज पूर्वीसारखा खणखणीत. मी म्हटलं, बाबा, ऐकू येतंय?

म्हणाले, स्वच्छ. बोल.

मी विचारलं, हवा कशी आहे तिकडे? म्हणाले, छान आहे. मी म्हटलं, इकडे गरम आहे. ते म्हणाले, असेल. त्यांचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे माझाही त्यांना जात असणार. म्हणाले, बोल ना रे, मी ऐकतोय. काही घाई नाही मला.

मी म्हटलं, बरं मग, ठेवतो, उगाच बिल वाढायला नको.

ते म्हणाले, बरं.

फोन ठेवला. ही दारात उभी होती, केव्हापासून कोण जाणे. म्हणाली, आपल्या फोनवर बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत.

मला माहीत होतं.